वाचकांचे प्रश्न : कंप्रेसर बदलण्याआधी गळती मोजा

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत आमचं दोन पाळ्यांचं प्रेसशॉप आहे. 30 एचपीचा, 120 सीएफएमचा (मिनिटाला 120 घनफूट हवा देणारा) स्क्रू कंप्रेसर सतत लोडवर, म्हणजे हवा दाबत असतो. व्हीएफडीचा (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) नवा घेतला तर बिल उतरेल का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. आधी हवा जाते कुठे ते बघा, नाहीतर गळती भागवण्यासाठीच नवं मशीन विकत घ्याल.

सुट्टीच्या दिवशी मशीन बंद, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून फक्त कंप्रेसर चालवा. लोड आणि अनलोडच्या (मोटर फिरते, पण हवा दाबत नाही) पाच-सहा फेऱ्या घड्याळ लावून मोजा. समजा लोड 2 मिनिटं, अनलोड 4 मिनिटं आलं. म्हणजे 120 पैकी 40 सीएफएम हवा कामाविना गेली. ती दाबायला सुमारे 7 किलोवॅट लागतात. रोज 16 तास, 25 दिवस धरून महिन्याला 2,800 युनिट. गळती थांबवल्यावर ही सगळी वाचत नाहीत, कारण अनलोडवरही कंप्रेसर फुल-लोडच्या 25 ते 35 टक्के वीज ओढतो. तरी दोन हजारांच्या आसपास वाचतात. उरलेला हा अनलोडचा खर्च व्हीएफडी कमी करतो, म्हणून तो नंतर घ्यायचा. कदाचित तेव्हा 20 एचपीतही भागेल.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. पुश-फिटिंग, एफआरएलची (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) वाटी, सिलिंडरचे सील, एअर गन आणि अर्धवट उघडा राहिलेला ड्रेन आधी तपासा. पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब ब्लेडने तिरकी कापली की नवं फिटिंगही गळतं; ट्यूब कटर वापरा. गळती 10 टक्क्यांच्या आत आणा आणि दर तिमाहीला पुन्हा मोजा, कारण ती परत येतेच.

मग प्रेशर 8 वरून हळूहळू 7 बारवर आणा. तेवढ्यानेच 6-7 टक्के वीज वाचते. एखादं मशीन कुरकुरलं तर त्याचा चोंदलेला फिल्टर बदला, सगळ्या लाइनचं प्रेशर वाढवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात कंप्रेसर रूममध्ये स्वतःचीच गरम हवा फिरत राहते. आत ओढली जाणारी हवा 4 अंशांनी तापली की साधारण 1 टक्का वीज जास्त लागते. गरम हवा डक्टने शेडबाहेर काढा.

प्रश्न : लातूरच्या आमच्या डाळमिलमधली 10 एचपीची मोटर तीनदा रिवाइंड झाली (तिची वाइंडिंग नव्याने भरली). आता आयई3 (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची) घ्यावी का?

उत्तर : वर्षाला 3,000 तास चालत असेल तर जरूर घ्या. चार पोलच्या जुन्या आयई1 मोटरची कार्यक्षमता 86 टक्के, आयई3ची 90.4, पूर्ण लोडवर वर्षाला सव्वा हजार युनिटचा फरक. रिवाइंड करताना कोअर (आतला लोखंडी गाभा) जास्त तापवला असेल तर जुनी आणखी खाली गेलेली असते. मात्र नवी मोटर किंचित जास्त वेगाने फिरते. ती ब्लोअरवर बसवणार असाल तर पुली त्या हिशोबाने बदला, नाहीतर वाढलेल्या वेगातच बचत जाईल.