निवृत्तीच्या शिलकीतून टी१ घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, निवृत्तीला १४ वर्षे बाकी, जुनी फोक्सवॅगन कॅम्पर, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली व्हॅन, घेण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम तयार आहे आणि तिच्या तीन पिढ्यांतल्या तीन गाड्या नजरेत आहेत, १९६६ ची टी१, १९७४ ची टी२ आणि १९८४ ची टी३. टी३ घेतली तर त्या रकमेतला एक तृतीयांश भाग शिल्लक राहतो, टी२ घेतली तर ती पुरती संपते आणि टी१ साठी निवृत्तीच्या गुंतवणुकीला हात लावावा लागतो. या गाडीची किंमत वाढतच जाते, म्हणून ती गुंतवणूकच समजावी, असे तुम्ही लिहिले आहे; आणि त्याच पत्रात, वर्षातून सहा-सात वेळा दोन मुलांना घेऊन मुक्कामी जायचे आहे, असेही लिहिले आहे. या दोन्ही अपेक्षा एकाच गाडीकडून पूर्ण होणार नाहीत.

टी१ ही १९५० पासून १९६७ पर्यंत जर्मनीत बनलेली, पुढची काच मधोमध दुभंगलेली पिढी, आणि तिचा भाव ठरतो तो अस्सलपणावर: मूळ इंजिन, मूळ रंग, आतले मूळ लाकूडकाम, खिडक्यांची संख्या. मुलांच्या चिखलाच्या बुटांनी आणि पावसातल्या मुक्कामांनी नेमके हेच झिजते. शिवाय १९६६ च्या गाडीत बहुधा ६ व्होल्टची वीजव्यवस्था असेल, चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील, आणि भरलेल्या गाडीने चढ चढताना मागे रांग लागेल. तिचा चेहरा मलाही मोहवतो, हे मान्य करतो. पण मोहाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा.

हिशेब असा आहे. निवृत्तीच्या निधीतून काढलेली रक्कम वर्षाला ७ टक्क्यांनी वाढली असती असे धरले, तर १४ वर्षांत ती अडीचपटीहून थोडी अधिक झाली असती, आणि तिच्यासाठी तुम्हाला छप्पर, विमा किंवा वेल्डिंग यांपैकी कशाचाही खर्च करावा लागला नसता. म्हणजे टी१ ला निधीची बरोबरी करायची असेल तर तिची किंमत अडीचपट होऊन भागणार नाही. या सगळ्या वर्षांचा देखभालखर्चही त्या वाढीतूनच भरून निघायला हवा. गाडी दरम्यान व्याज देत नाही, आणि पैशांची गरज पडेल त्या आठवड्यात योग्य भाव देणारा गिऱ्हाईक मिळेलच असेही नाही.

टी१ चा विक्रेता ‘थोडेसे वेल्डिंग’ लागेल म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे; तेच मला सर्वात जास्त खटकते. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दरवाज्याखालच्या पट्टीवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवून पाहा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून भरावाची पुट्टी आहे. अशा गाडीत एक तुकडा कापला की शेजारचाही गंजलेला निघतो, आणि अर्धवट सोडलेले काम विकायला गेल्यास घातलेल्या पैशांपैकी फार थोडे परत येतात.

टी२ वापराच्या दृष्टीने बरीच सुधारलेली आहे. १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेल्या या पिढीत अखंड काच आणि अधिक चांगली मागील चाकजोडणी आली, आणि १९७४ च्या गाडीला पुढे डिस्क ब्रेकही आहेत. पण इंजिन हवेने थंड होणारेच आहे, आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या तडकल्या तर आगीचा धोका खरा असल्याने त्या पहिल्याच दिवशी बदलाव्या लागतात. सगळी रक्कम खरेदीतच संपली तर हे काम कशातून करणार? भाव निदान पंचवीस टक्के खाली आला तरच या गाडीचा विचार करावा.

माझे मत टी३ कडे झुकते. ही पिढी १९७९ मध्ये आली, ती अधिक रुंद आहे, आणि १९८४ च्या पेट्रोल गाडीत पाण्याने थंड होणारे १.९ लिटरचे इंजिन अपेक्षित आहे. त्याचे दुखणे प्रसिद्ध आहे: सिलिंडर हेडच्या कडेचे रबरी सील कुजून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, झिरपू लागते. इंजिन गार असताना गाडीखाली वाकून, टॉर्च घेऊन त्या सांध्यावर ओल किंवा वाळलेल्या कूलंटची पुटे दिसतात का, ते पाहा. दिसली तर दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा. पत्र्याच्या जोडांतला गंज, वर उचलल्या जाणाऱ्या छपराचे कापड आणि आतली मूळ कपाटे हेही तपासा, कारण हरवलेली कपाटे पुढे विकताना भाव पाडतात. गाडी डिझेलवरची १.६ लिटरची निघाली, तर तिची सुमारे ५० अश्वशक्ती तुमच्या कुटुंबाला आणि सामानाला पुरणार नाही.

उरलेला एक तृतीयांश पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. विमा, मिळत असल्यास, आधी ठरलेल्या मूल्यावर घ्या. नाहीतर अपघातानंतर केवळ जुन्या व्हॅनचा भाव हाती पडेल. चेसिस क्रमांक कागदपत्रांशी जुळत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तिथून परत फिरा.

व्यवहारापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, या गाड्या रोज उघडणाऱ्या मेकॅनिककडून टी३ तपासून घ्या, आणि त्याचा अहवाल वाईट आला तर रक्कम अल्प मुदतीच्या ठेवीत ठेवून दुसऱ्या टी३ ची वाट पाहा. निवृत्तीच्या खात्याला मात्र हात लावू नका.