विंडचीटर बारा महिने: वाचकांचे प्रश्न

बिनअस्तराचा, घडी करून मुठीत मावेल असा पातळ विंडचीटर वर्षभर जवळ ठेवावा, असं गेल्या महिन्यात या सदरात लिहिलं होतं. त्यावर भरपूर प्रश्न आले, काहींनी भांडणही काढलं. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देतो.

सकाळी साडेसहाला स्कूटरवरून हिंजवडीला जातो. बनियन, शर्ट, वर जाड लोकरी स्वेटर. तरी छाती गार पडते. आणखी जाड जर्किन घेऊ का? (चिंचवड)

जर्किनचे पैसे तूर्त राहू द्या. आहे त्याच स्वेटरवर पातळ विंडचीटर चढवून आठवडाभर जाऊन बघा. स्वेटरची ऊब लोकरीच्या विणीत अडकलेल्या हवेची असते. गाडीने चाळीसचा वेग घेतला, की वारा त्या विणीतून आरपार जातो आणि तुम्ही तापवलेली हवा घेऊन पुढे निघून जातो. मग स्वेटर कितीही जाड असो. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त वाजते, याचं हिशेबाचं सूत्रही आहे: तापमान १० अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला साधारण ६ अंशांइतकी थंडी वाजते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतोच, आणि तो वारा तुमची स्कूटर स्वतःच तयार करते. जुने स्कूटरवाले शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र खोचायचे, त्यामागे हेच शास्त्र होतं.

घेताना मनगटाला इलॅस्टिक आणि गळ्यापर्यंत जाणारी चेन हवी. पाठीवर फुग्यासारखा फुगणारा ढगळा विंडचीटर आतली हवा बाहेर फेकत राहतो, त्याचा उपयोग निम्माच. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे कापड पडल्यावर वाचवत नाही. डांबरावर घसरलात तर पातळ नायलॉन क्षणात फाटतं. रोज हायवेने जात असाल तर कोपर-खांद्याला पॅड असलेलं रायडिंग जॅकेट ही वेगळी खरेदी आहे.

दुकानदार म्हणतो, ‘वॉटरप्रूफच घ्या, वाराही अडेल आणि पाऊसही.’ मग दोन कशाला? (सातारा)

तो खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. पाणी अडवायला कापडाला आतून लेप देतात, तोच घामाची वाफही अडवतो. निव्वळ विंडचीटर म्हणजे घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर. त्यातून थोडी हवा जाते, आणि ती जायलाच हवी.

दुकानात उभ्याउभ्या एक परीक्षा करा. बाहीचं कापड ओठांवर घट्ट धरून जोरात फुंका आणि पलीकडे तळहात ठेवा. फुंकर अजिबात गेली नाही, गाल फुगून राहिले, तर तो रेनकोट आहे. सहज गेली तर नुसता शर्ट. जोर लावल्यावर तळहाताला जेमतेम लागली, तर तो चढावर, सायकलवर आणि रोजच्या फिरण्यात अंगावर ठेवता येईल. चिठ्ठीवर छापलेल्या विशेषणांपेक्षा माझा या फुंकरीवर जास्त भरवसा आहे. आतून जाळीचं अस्तर असलेला टाळा. घाम आला की ती जाळी अंगाला चिकटते आणि घडीही मोठी होते.

जुलैत पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलो. नवं, महागडं, ‘श्वास घेणारं’ जॅकेट होतं. वर पोहोचेपर्यंत आतून चिंब. फसवणूक झाली का? (ठाणे)

फसवणूक नाही, पण ते जॅकेट ज्या हवेसाठी बनलं ती आपल्याकडे जुलैत नसते. अशा कापडातून वाफ बाहेर पडते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. थंड, कोरड्या देशात हा फरक मोठा असतो. पावसाळ्यात सह्याद्रीत बाहेरची हवाच ओथंबलेली आणि कोमट, वाफ जाणार कुठे? त्यात वरचं कापड भिजून जड झालं की उरलीसुरली वाटही बंद. इकडे चढावर तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज निघतो. तुम्ही पावसाने भिजला नाहीत, घामाने भिजलात.

म्हणून माझा सल्ला अनेकांना उलटा वाटतो. पावसाळी चढावर सरळ भिजा. अंगात लवकर वाळणारा सिंथेटिक टी-शर्ट, बस्स. सुती नको, तो पाणी धरून ठेवतो. विंडचीटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये कोरडा ठेवा. खरी गरज माथ्यावर पोहोचून पाय थांबतात तेव्हा पडते. चालणं थांबलं की शरीराची भट्टी मंदावते, पण ओल्या कपड्यातलं पाणी वाऱ्याने उडत राहतं, आणि ते उडण्यासाठी लागणारी उष्णता तुमच्याच अंगातून जाते. कोकणकड्यावर जुलैतही दात वाजतात ते यामुळेच. थांबल्यावर पहिल्या मिनिटातच विंडचीटर घाला. हुडहुडी भरेपर्यंत फोटो काढत बसू नका. सोबत्याची बोटं चेन लावताना अडखळायला लागली, बोलणं जड झालं, तर ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, आडोशाला न्या, गरम गोड काहीतरी पाजा. तिथे नुसता विंडचीटर पुरत नाही.

कळसूबाईला हिवाळ्यात हेच लागू. बारी गावापासून शिखर आठ-नऊशे मीटर वर, म्हणजे पाच-सहा अंश तिथेच कमी होतात. शिड्या चढताना माणूस घामाघूम असतो आणि १,६४६ मीटरवर भन्नाट वारा. चढताना काढा, टेकलात की घाला. याचा कंटाळा करणारेच परतीच्या वाटेवर शिंकत उतरतात.

मे महिन्यात नागपुरात दुचाकीवर ऊन लागू नये म्हणून विंडचीटर घालावा का? (नागपूर)

नको. बाहेर ४४-४५ अंश असताना वारा त्वचेपेक्षा गरम असतो, म्हणून अंग झाकणं बरोबरच आहे. पण नायलॉनमध्ये घाम उडत नाही, आणि त्या उन्हात घाम उडणं हाच काय तो आधार. पूर्ण बाह्यांचा ढगळा सुती शर्ट किंवा सनकोट, डोक्याला दुपट्टा. विंडचीटर मे महिन्यात एसी डब्यातल्या रात्रीसाठी.

आई-बाबांना मेमध्ये केदारनाथला न्यायचंय. आई म्हणते, ‘उन्हाळाच तर आहे, विंडचीटर पुरे.’ (कोल्हापूर)

आईंना सांगा, केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. कोल्हापूरपेक्षा तीन हजार मीटर उंच, म्हणजे नुसत्या उंचीनेच सुमारे वीस अंशांची घट. दुपारनंतर ढग आले की आणखी. आत थर्मल, मध्ये स्वेटर किंवा फ्लीस, वर विंडचीटर, शिवाय वेगळा रेनकोट. विंडचीटर एक माप मोठा घ्या, खाली स्वेटर मावला पाहिजे आणि दाबलाही जाता कामा नये. आई घोड्यावर बसणार असतील तर निघतानाच सगळं अंगावर असू द्या. चालणारा चालून तापतो, घोड्यावरचा माणूस बसल्या जागी गारठतो. कानटोपी आणि हातमोजे पिशवीत खाली दडपू नका, खिशात ठेवा.

काळा आवडतो. मळखाऊ असतो. घेऊ? (नाशिक)

रात्री गाडी चालवत असाल तर नको, मागच्याला दिसत नाही. किल्ल्यांवरही नको, आग्या मोहोळ उठलं तर माश्या गडद रंगावर जास्त चालून येतात. राखाडी घ्या, तोही मळ लपवतो. गाडीसाठी पाठीवर रिफ्लेक्टरची पट्टी लावा.

वॉटरप्रूफ कोटाचे तीन वर्षांतच आतून पापुद्रे निघायला लागले, हाताला चिकट लागतं. दुरुस्त होईल? (रत्नागिरी)

नाही. दमट हवेत तो आतला लेप हळूहळू कुजतो, आणि ओला कोट गाडीच्या डिकीत कोंबून ठेवला की आणखी लवकर. पापुद्रे चोळून काढून टाका. उरलेलं कापड पाऊस अडवणार नाही, पण वाऱ्याला अजून चालेल.

धुवायचा कसा? (सांगली)

चेन लावून, गार पाण्यात, साध्या सौम्य पावडरने. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, वरून पाणी ओघळून जावं म्हणून केलेली प्रक्रिया त्याने बिघडते. पिळू नका, सावलीत वाळवा. थेंब ओघळायचे थांबले असतील आणि चिठ्ठीवर इस्त्रीला मनाई नसेल, तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा, बऱ्याचदा फरक पडतो. कडक इस्त्री, गाडीचा सायलेन्सर आणि शेकोटीची ठिणगी यांच्यापासून मात्र दूर. एका ठिणगीने पडलेलं भोक पुढे फाटत जातं. त्यावर आतून-बाहेरून नायलॉनचं चिकट ठिगळ लावा, कोपरे गोल कापून.