राणीला आता एकटं राहू दे

तू पाठवलेला फोटो पाहिला. ही राणी आहे का आणि तिच्यापासून मुंग्यांची वसाहत कशी वाढवायची, असं विचारलंस. कोथरूडला पहिल्या पावसानंतर दिव्याखाली सापडलेली ही मुंगळ्याची राणीच आहे. नुसत्या आकारावर जाऊ नकोस, मोठी कामकरी मुंगीही फसवते. छाती बघ: राणीची फुगीर, बाजूंना पंख गळाल्याच्या खुणा.

परीक्षानळीत तिसरा हिस्सा पाणी भर, कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत सरकव, राणी सोड आणि नळीच्या तोंडालाही बोळा लाव. मग कपाटात, अंधारात. साखर-बिखर नको. काही जातींच्या राण्यांना खायला लागतं, हिला नाही. पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते. आठवड्यातून एकदाच डोकाव. सारखं हलवलं की राणी स्वतःचीच अंडी खाते, माझी पहिली राणी अशीच वाया गेली. कामकरी दिसल्या की मधपाण्याचा थेंब दे.