पहिल्यांदा बर्गर खायला जातोयस? हे वाच

सात रस्त्याकडच्या त्या नव्या अमेरिकन डायनरमध्ये जातोयस, छानच! घाबरायचं काही नाही. एवढंच सांभाळ:

१. पहिल्याच खेपेला डबल पॅटी (पॅटी म्हणजे पावाच्या मधली चपटी टिक्की) मागवू नकोस. एका पॅटीचा साधा चीज बर्गर घे. अमेरिकेत पॅटी बीफची असते, आपल्याकडे चिकन, मटण किंवा व्हेज. कोणती आहे ते आधी विचारून घे.

२. काटा-चमचा बाजूला ठेव. कागद अर्धाच सोड, बर्गर उलटा धर. अंगठे आणि करंगळ्या खाली, बाकीची बोटं वर. वरचा पाव जाड असतो, तो खाली आला की रस शोषतो आणि बर्गर मोडत नाही. एकदा उचललास की मधे खाली ठेवू नकोस.

३. फोटो एकच काढ. तव्यावर दाबून भाजलेल्या पॅटीची कड जाळीसारखी कुरकुरीत असते; पाच मिनिटांत ती मऊ पडते. भाकरी कडक आवडणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना तर तीच कड जास्त आवडेल, पैज लावतो.

फ्राइज दोघांत एक पुरे. मिल्कशेक आधी प्यायलास तर पोट तिथंच भरेल, तो शेवटी घे. सॉस वगैरेचं पुढच्या वेळी सांगतो.