चार बांध मोजले, पण कर्ण राहिला

प्रश्न (वाळवा तालुका): हळदीच्या वावराचे चारही बांध टेपने मोजले. ओळीने 200, 130, 100 आणि 170 फूट भरले. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार केला, 20.66 गुंठे आले. हेक्टरी 25 क्विंटलच्या हिशेबाने बेणे आणले, तर 35 किलो उरले. लागण विरळ झाली का?

उत्तर: सरीतले अंतर नेहमीचेच ठेवले असेल तर लागणीत काही बिघडलेले नाही. चूक गुंठ्यांत आहे. सरासरीची ही रीत गावोगाव चालते, पण ती काटकोनी वावरालाच लागू पडते. बांध तिरके असले की ती क्षेत्र जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. जमीन विकणाऱ्यांना ती का आवडते ते कळलेच असेल!

मुळात नुसत्या चार बांधांवरून क्षेत्र ठरत नाही. सांधे ढिले झालेली बाज एका कोपऱ्यातून ढकलून बघा. चारही बाजू तेवढ्याच राहतात, चौकट तिरकी होते आणि आतली जागा घटते. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला चक्क पिशाच म्हटले आहे. आम्ही तेवढे कडक नाही, म्हणून तुमच्याकडून कर्ण मागवून घेतला.

200 आणि 170 चे बांध जिथे मिळतात, तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 210 फूट भरले. या रेषेवर दोरी ताणा. उरलेल्या कोपऱ्यात टेपचे टोक धरून दुसरी बाजू दोरीवर मागेपुढे सरकवा. सर्वांत कमी येणारा आकडा म्हणजे लंब. तुमचे दोन लंब 120 आणि 80 फूट येतात. त्यांची बेरीज 200, गुणिले 210, भागिले 2, म्हणजे 21,000 चौरस फूट. गुंठा म्हणजे जुन्या 33 फुटी शंकू साखळीचा चौरस, 1,089 चौरस फूट. त्याने भागल्यावर 19.28 गुंठे. सरासरीने 22,500 चौरस फूट धरले होते, वरच्या 1.38 गुंठ्यांचे बेणे 35 किलोच होते. खत-औषधाचा हिशेबही आता 19.28 वरच करा.

सातबाऱ्यावर आकडा आरमध्ये असतो. आर आणि गुंठा एकच समजतात, पण 100 आर म्हणजे 98.84 गुंठे. शिवाय पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, वजा करायला विसरू नका.

पाटण, जावळीकडच्या उताराच्या शेतांसाठी: टेप जमिनीला टेकवू नका, आडवा ताणून ओळंबा सोडा. 10 मीटर टेपमागे 2 मीटर उतार असेल, तर आडवे अंतर 9.80 मीटरच भरते आणि नकाशात तेच धरतात.

मोबाइलवर मोजताना कोपरे काही मीटर इकडेतिकडे होतात. दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्याला ते परवडत नाही. आणि बांधाचा वाद असेल तर आमचा टेप बाजूला ठेवा, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.