कुत्र्याला रोज फिरवते, तरी हिवाळा आला की रडू का येतं?

ऑक्टोबर संपत आला की यूके-कॅनडातल्या आपल्या मुलींचा हा प्रश्न येतोच, की ताई, सगळं ठीक चाललंय तरी दिवस लहान व्हायला लागले की मन खचतं, मी नाटकं करतेय का? त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिला मीनल म्हणू. मूळची साताऱ्याकडची, आता लंडनच्या ईशान्य टोकाला, एपिंग फॉरेस्टच्या जवळ राहते. वर्क फ्रॉम होम, आणि घरात लाडू नावाचा बीगल जातीचा कुत्रा. पहिल्याच सेशनला म्हणाली, "निसर्गात फिर, कुत्रा पाळ हे मला सांगू नका, दोन्ही करून झालंय. वर आई फोनवर म्हणते, सगळं असून तुला कमी काय आहे गं?"

खरं सांगते, दोन सेशन मी भलतीकडेच खणत बसले, लग्न, एकटेपणा, आईशी नातं वगैरे. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, आज वॉकला काय काय दिसलं? तर म्हणाली, "काय दिसणार, अंधार होता. मोबाइलचा टॉर्च आणि ओला रस्ता."

लॉग ऑफ करून साडेपाचला निघायची ती! तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, डिसेंबरात चारच्या आत सूर्य बुडतो, दिवस जेमतेम ८ तासांचा. पुण्यात ऐन डिसेंबरातही ११ तास उजेड असतो, त्यात वाढलेल्या शरीराला हे जड जाणारच, यात नाटक कसलं. (याच्या जास्त त्रासदायक प्रकाराला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात, हे नाव १९८४ पासून आहे, पण तो शिक्का मारणं डॉक्टरांचं काम, म्हणून तिला आधी तिथल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्या असा तिथे सगळ्यांनाच सल्ला असतो, तेही तिला माहीत नव्हतं.)

मग एवढंच ठरवलं की मोठा वॉक दुपारी १२ ला, संध्याकाळी नुसतं खाली नेऊन आणायचं. आभाळ भरलेलं असलं तरी भर दुपारी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. आणि कानात पॉडकास्ट नाही, पावलं मोजणं नाही, लाडू जिथे थांबेल तिथे थांबायचं. हे तिला सगळ्यात अवघड गेलं, कारण आपल्याला वॉकसुद्धा उरकायची सवय.

दहाएक दिवसांनी व्हॉइस नोट आली. बीच (beech) नावाच्या झाडांखाली तांबूस पानांचा घोट्यापर्यंत थर होता, लाडू त्यात नाक खुपसून हलायलाच तयार नाही, आणि वर एक रॉबिन पक्षी गात होता, थंडीतसुद्धा गातात म्हणे ते, तीन वर्षांत हिला पत्ताच नाही. जानेवारी तरीही तिला जडच गेला, मधे आठवडाभर पाऊस लागला तेव्हा परत रडली. पण झोप सुधारली होती, आईचे फोन उचलत होती. (झोप-भूक पार बिघडली असेल किंवा जगावंसं वाटत नसेल तर मात्र वॉकवर विसंबू नका, लगेच डॉक्टर गाठा.)

यंदा तिनं सप्टेंबरातच ऑफिसच्या कॅलेंडरवर १२ ते पाऊण ब्लॉक करून टाकलं. नाव लिहिलंय, "क्लायंट कॉल - एल. बीगल."