वय 33, एएमएच 1.6, लग्न ठरलेलं नाही. एग फ्रीझिंग करून ठेवावं का?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: पुण्यात एएमएच (बीजकोशात बीजांचा साठा किती उरलाय याची रक्ततपासणी) केला, 1.6 आला, घरचे घाबरलेत. बीजं आत्ता काढून ठेवली तर पुढे मूल नक्की होईल का? काढल्यामुळे साठा लवकर संपेल का? त्रास किती, खर्च किती, आणि लग्न झालेलं नसताना कायदा परवानगी देतो का?

आधी एएमएचचं. 1.6 म्हणजे साठा थोडा कमीकडे झुकलेला, पण घाबरण्यासारखा नाही. या तपासणीवरून बीजं किती मिळतील याचा अंदाज येतो, ती कशी आहेत हे कळत नाही. बीजाचा कस ठरतो वयावर. म्हणून 33 व्या वर्षी 1.6 असणं हे 41 व्या वर्षी 3 असण्यापेक्षा कितीतरी बरं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एएमएच कमी आहे म्हणून नैसर्गिकरीत्या दिवस राहणार नाहीत, असाही त्याचा अर्थ नाही.

साठा संपण्याची भीती मनातून काढून टाका. दर महिन्याला बीजकोशात बऱ्याच बीजांची एक तुकडी वाढायला लागते. त्यातलं एक पुढे जातं, बाकीची त्याच महिन्यात सुकून जातात. बीजं काढण्याआधीच्या इंजेक्शनांमुळे ही सुकणारी बीजं वाढवली जातात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला कुणी हात लावत नाही, आणि रजोनिवृत्ती त्यामुळे अलीकडे येत नाही.

आता खरा मुद्दा: किती बीजं. सल्ला घेताना यावर सगळ्यात कमी बोललं जातं, आणि मला तेच सगळ्यात खटकतं. समजा, 12 परिपक्व बीजं गोठवली. वितळवल्यावर साधारण 10 जगतात. त्यांतल्या 7 च्या आसपास फलित होतात. पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाशयात सोडता येण्याजोगा गर्भ), 3 किंवा 4 पोचतात. त्यांतही काहींत गुणसूत्रांचा दोष असतो आणि ते रुजत नाहीत किंवा गर्भपात होतो. बारातून एक मूल होण्याची शक्यता चांगली, दुसऱ्याची भरवशाची नाही. गणिती अंदाजानुसार, निदान एक मूल होण्याची 75 टक्के शक्यता हवी असेल तर 34 व्या वर्षी 10, 37 व्या वर्षी 20 आणि 42 व्या वर्षी 61 बीजं लागतात. हे आकडे परिपक्व बीजांचे आहेत आणि सरासरीचे आहेत. खात्री कुणीच देऊ शकत नाही. जो दवाखाना देतो तिथून उठून या.

तुमच्या एएमएचला एका सायकलमध्ये (इंजेक्शनांपासून बीजं काढेपर्यंतची एक फेरी) 7 ते 10 बीजं मिळावीत आणि त्यांतली तीन चतुर्थांश परिपक्व निघावीत, असं धरून चाला. म्हणजे एका सायकलमध्ये दहाचा आकडा गाठेलच असं नाही. दोन सायकलींची मनाची आणि पैशाची तयारी सुरुवातीलाच ठेवा. सहा बीजं ठेवून ‘आता काळजी नाही’ म्हणत पुढची सात-आठ वर्षं निर्धास्त राहणं, यासारखा दुसरा धोका यात नाही.

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. 2021 चा एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा) कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यानुसार 21 वर्षांपुढची आणि 50 च्या आतली स्त्री, अविवाहित असली तरी, हे उपचार घेऊ शकते. नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. पण दोन अटी आधीच माहीत हव्यात. एक, बीजं जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात. तुम्ही आत्ता ठेवलीत तर 43 पर्यंत वापरायला हवीत. याच कारणाने 24-25 व्या वर्षी, वैद्यकीय कारण नसताना, घाईने गोठवणं मला पटत नाही. मुदत संपते तेव्हा, 34-35 व्या वर्षी, स्वतःची ताजी बीजंही सहसा चांगली असतात. दुसरी अट सरोगसीची. एकट्या स्त्रियांत ती फक्त विधवा किंवा घटस्फोटितांना, 35 ते 45 या वयात उपलब्ध आहे. अविवाहित राहिलात तर ही बीजं स्वतःच्याच गर्भाशयात वापरायची, हे धरून ठरवा. संमतीपत्रात तुमच्या मृत्यूनंतर किंवा तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा बीजांचं काय करायचं, तेही लिहून घेतात. तो कागद घाईत सही करून टाकू नका.

प्रक्रिया दोन आठवड्यांची. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीसारख्या रक्ततपासण्या. पाळीच्या 2ऱ्या-3ऱ्या दिवशी सोनोग्राफी, आणि लगेच एफएसएचची (बीजं वाढवणारं संप्रेरक) इंजेक्शनं, रोज साधारण 150 ते 300 युनिट, 9 ते 12 दिवस. बेंबीच्या बाजूला दोन बोटं सोडून, चरबीची चिमूट धरून, रोज ठरलेल्या वेळी. पेन असेल तर टोचल्यावर खिडकीत 0 आलं का ते बघा. 0 न येता दुसरा आकडा दिसला तर पेनमधलं औषध संपलंय आणि तेवढी युनिटं नव्या पेनमधून घ्यायची राहिलीत. ही चूक फार होते. मधल्या टप्प्यात बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन किंवा गोळ्या चालू होतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी.

फॉलिकल (बीज असलेल्या पाण्याच्या पिशव्या) 17-18 मिलिमीटरचे झाले की ट्रिगरचं, म्हणजे बीजं पूर्ण पिकवणारं, इंजेक्शन, आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीजं काढणं. दवाखान्याने रात्री 10 म्हटलं तर 10 च. उशिरा घेतलं तर बीजं पूर्ण पिकत नाहीत, फार लवकर घेतलं तर सुटून जातात. वेळ चुकली तर लपवू नका, लगेच फोन करा. काढायची वेळ बहुधा पुढे-मागे करता येते.

काढताना थोडा वेळ भूल देतात. योनिमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालून द्रव ओढून घेतात. 15 ते 20 मिनिटं. त्याच संध्याकाळी घरी. शरीरसंबंध आला नसेल तर हे आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, संकोच नको. मधल्या सोनोग्राफी पोटावरून करता येतात, सुईचा मार्ग मात्र सहसा तोच असतो, आणि त्याबद्दल भूल देण्याआधी बोलणं झालेलं असावं.

पोट जड वाटणं, फुगणं, मूड खालीवर होणं, हे चालतं. दिवसाला किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं ही ओएचएसएसची (इंजेक्शनांनी बीजकोश प्रमाणाबाहेर चेतवले जाणं) लक्षणं; पीसीओएसवाल्यांना (बीजकोशात खूप छोटी फॉलिकल असणाऱ्यांना) धोका जास्त, तुमच्या एएमएचला कमी. एका बाजूला अचानक असह्य कळ आली तर फुगलेला बीजकोश पिळला गेला असू शकतो, तेव्हा सकाळची वाट पाहू नका. याचसाठी इंजेक्शनं चालू असताना आणि पुढची पाळी येईपर्यंत धावणं, उड्या, सूर्यनमस्कार बंद. चालणं चालेल.

प्रयोगशाळेत काय होतं हेही कळायला हवं, कारण तुमचे पैसे खरे तिथे लागतात. बीज म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, पाण्याने भरलेली पेशी. हळूहळू गोठवली तर आत बर्फाचे खडे होऊन ती फाटते. म्हणून आधी तिच्यातलं पाणी काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली बीज द्रावणात टाकलं की ते आक्रसताना दिसतं, मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू पुन्हा भरतं. पुढच्या घट्ट द्रावणात जेमतेम मिनिट-दीड मिनिट, आणि केसासारख्या पातळ पट्टीवर थेंबभरही नाही एवढ्या द्रवासह ते उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. हात बसलेला नसेल तर बीज इथेच जातं. म्हणून दवाखान्यात ‘किती सायकली केल्या’ हे विचारू नका. ‘तुमच्याकडे गोठवलेली किती बीजं परत वितळवली, आणि त्यांतली किती जगली’ हे विचारा. गोठवणं सगळे करतात, वितळवण्याचा अनुभव थोड्यांकडे असतो. नॅशनल एआरटी रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांकही बघा. लेव्हल 1 दवाखान्याला फक्त आययूआयची (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) परवानगी असते, तुम्हाला लेव्हल 2 हवा.

खर्च शहराप्रमाणे आणि औषधांच्या मात्रेप्रमाणे बदलतो. एका सायकलला साधारण दीड ते अडीच लाख धरा. कोटेशनमध्ये इंजेक्शनं, भूल आणि पहिल्या वर्षाचं साठवणभाडं धरलंय का, पुढचं वार्षिक भाडं किती, आणि नंतर वितळवणं, इक्सी (बीजात शुक्राणू टोचणं) आणि ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) यांचे किती, हे लेखी घ्या. वापरायच्या वेळचा हा दुसरा खर्च बहुतेकांच्या हिशेबातच नसतो.

तुमच्या जागी मी हे याच वर्षी करायला सांगेन, चाळिशीच्या तोंडावर नाही. पण उद्याच धावायची गरज नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) असेल आणि त्यामुळे बीजकोशात होणाऱ्या चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन सुचवलं असेल तर मात्र क्रम महत्त्वाचा: त्या ऑपरेशनने साठा घटतो, म्हणून बीजं आधी काढायची का हे ऑपरेशनपूर्वीच विचारा. नाहीतर पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून दोन्ही बाजूंचे फॉलिकल मोजून घ्या आणि ते आकडे इथे लिहा. एका सायकलमध्ये भागेल की दोन लागतील, हे एएमएचच्या जोडीला ते आकडे असले की बरंच नीट सांगता येतं.